मामांच्या तुरीच्या करंज्या

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, वयाच्या साठीपर्यंत स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या भरून प्यायले नव्हते. हे मी त्यांना नावं ठेवायला सांगत नाही. बिलोलीकडच्या आमच्या गावात त्यांच्या वयाच्या सगळ्याच माणसांचं तसं होतं. शेतातून यायचं, ओसरीवर बसायचं, घसा खाकरायचा, की आतून तांब्या यायचा. सासूबाई होत्या तोवर तो त्यांनी आणला. त्या गेल्यावर मंगलताईंनी आणला. मंगलताई माझ्या थोरल्या नणंद, त्यांना गावातच दिलेलं आहे. हेच मामा पुढे नांदेडला माझ्या स्वयंपाकघरात, डोक्यावरची टोपी तशीच ठेवून, ओट्यासमोर उभे राहून करंज्या तळायचे. ज्यांनी त्यांना आधी पाहिलं होतं त्यांना सांगूनही ते खरं वाटत नसे.

बालाजी, माझा नवरा, ठिबक सिंचनाच्या नळ्या विकायच्या कामावर होता. मुखेडहून मोटारसायकलवर परत येताना भर दुपारी अपघातात तो गेला. फोन आला तेव्हा मी कामावर होते. विष्णुपुरीकडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नोकरी आहे. त्या दिवसाचं मला सलग असं काही आठवत नाही. घरात बायका बसल्या होत्या. मामा गावाहून आले. त्यांनी दारात चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि मला विचारलं, "पोरगी जेवली का?" सई तेव्हा दुसरीत होती. तिला जेवू घालायचं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. मामा तिला घेऊन समोरच्या घरी गेले, तिचं पोटभर होईपर्यंत तिथे बसले आणि मग येऊन आपल्या मुलाच्या उशाशी बसले.

मी रडले नाही. मामाही रडले नाहीत. माझ्याबद्दल बायका आपसात कुजबुजल्या, मामांबद्दल कुणी काही बोललं नाही, कारण पुरुषाने न रडणं लोकांना चालतं. दात काढताना डॉक्टर हिरडी बधिर करतात, मग दात ओढलेला कळतो पण दुखत नाही, तसं काहीसं माझं झालं होतं. काहीतरी उपसून काढताहेत एवढं कळत होतं. मला वाटायचं, हे उतरेल आणि मग दुखायला लागेल. मी त्याची वाट पाहत होते.

तेरावा झाल्यावर माणसं पांगली. जाण्याआधी मंगलताईंनी विषय काढला. मी नोकरी सोडून सईला घेऊन गावी यावं, किंवा काही दिवस माझ्या माहेरी, उदगीरला जावं, असं त्यांचं म्हणणं होतं. एकटी बाई शहरात कशी राहणार, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. खरं म्हणजे मला कुठेही चाललं असतं. मामा उठले, गावाहून आणलेली आपली पिशवी उचलली, स्टुलावर चढून ती माळ्यावर सरकवली आणि खाली उतरून म्हणाले, "तिची नोकरी हाय. पोरीची शाळा हाय. म्या हितंच हाय." नंतर कळलं की त्यांनी जमीन पुतण्याला कसायला बटईने देऊनही टाकली होती.

उद्याची तयारी आज करायची, ही मामांची जुनी सवय. शेतावर असताना ते पेरणीच्या आदल्या दिवशी बियाणं, दोर, पाभर, सगळं एका जागी आणून ठेवत. नांदेडला आल्यावर त्यांनी तेच सईच्या शाळेचं सुरू केलं. संध्याकाळीच तिचा गणवेश खुर्चीवर, बूट दाराशी, पाण्याची बाटली भरून. "सकाळी हुडकायचं काम ठेवू न्हाई," असं ते म्हणायचे. त्या दिवसांत माझ्या मनात उद्या असा काही नव्हताच. खुर्चीवरचा तो गणवेश दिसला की उद्याही कुणालातरी शाळेत जायचं आहे, एवढं समजायचं.

अडलं ते दुपारच्या खाण्यावर. मी सकाळी आठला निघायची, ती संध्याकाळी यायची. सई दीडला घरी यायची. सकाळी केलेली पोळी-भाजी झाकून ठेवलेली असे, ती तशीच राही. शाळेचा डबाही जसाच्या तसा परत येई. भूक नाही, एवढंच ती म्हणायची. नात जेवत नाही म्हणून मामाही जेवायचे नाहीत. मी आले की दोघं टीव्हीसमोर बसलेले असत, आवाज बंद. त्यांना रागवायची ताकद माझ्यात नव्हती. मी ती भाजी सांडून पातेलं घासायला टाकायची.

एकदा समोरच्या घरच्या वहिनींनी मॉलमधून आणलेले, बर्फात ठेवलेले समोसे तळून सईला दिले. तिने ते खाल्ले आणि अजून मागितले. मामांनी ते रिकामं पाकीट वहिनींकडून मागून घेतलं आणि बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं. मी घरी आल्यावर त्यांनी विचारलं, हे घरी करता येत नाही का. मी म्हटलं, येत असेल, पण मला जमायचं नाही. मला त्या वेळी साधा वरणभात लावायचा म्हटलं तरी हात उचलत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून सईला शाळेत सोडलं की मामा बसस्टँडजवळच्या एका समोशाच्या दुकानात जाऊन बसायला लागले. मालक देगलूरकडचा म्हातारा होता. आपल्याच भागातला माणूस, वर बोलत नाही, नुसता बघतो, म्हणून त्याने बसू दिलं. नंतर त्यानेच सांगायला सुरुवात केली. मोहन कडकडीत हवं. पीठ घट्ट हवं, चपातीसारखं सैल नको. सारण पुरतं गार झाल्याशिवाय भरायचं नाही, नाहीतर वाफ धरते आणि पारी फुटते. मामा हे ऐकून यायचे आणि संध्याकाळी मला सांगायचे. मी मान हलवायची. ऐकलेलं माझ्यात कुठे जात होतं कोण जाणे, पण आज मी करायला बसते तेव्हा त्यांचा शब्द न् शब्द आठवतो.

पहिला घाणा सगळा तेलात फुटला. बटाटा एकीकडे, कवच एकीकडे. मामांनी गॅस बंद केला, चाळणीवर ते सगळं निथळत ठेवलं आणि दोन दिवस स्वतः तेच खाल्लं. पुढचे समोसे फुटले नाहीत, पण रोज नव्याने करायला नको म्हणून मामांनी ते पिशवीत भरून थेट बर्फाच्या खणात टाकले, त्यांचा एक दगड झाला. त्यानंतरचे ताटात सुटे ठेवून गोठवले, ते तळलेही नीट गेले, पण बर्फात राहिलेला बटाटा आतून पाणचट लागला. सईने एक खाल्ला आणि बाकीचे बाजूला सारले. मामांनी तिला आग्रह केला नाही. आग्रह करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. बैलानेही तोंड फिरवलं तर ते वैरण बदलायचे, बैलाला मारायचे नाहीत.

मार्ग सापडला तो गावाकडच्या तुरीने. हिवाळ्यात पुतण्या ओल्या शेंगांचं पोतं घेऊन आला. मामांना एकदम सुचलं की बटाट्याऐवजी हे भरावं. आम्ही शेंगा सोलल्या. दाणे भरड वाटले, लसूण, हिरवी मिरची, जिरं घालून तेलावर चांगले कोरडे परतले, थोडे तीळ, कोथिंबीर. समोशाचे कोन मामांना कधीच आवडले नव्हते, म्हणून त्यांनी करंजी केली. अंबाडीचे दोर वळण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या बोटांना मुरड घालायला कुणी शिकवावं लागलं नाही. जाड, भेगाळलेली बोटं होती ती, उजव्या हाताच्या करंगळीचं टोक कडबा तोडायच्या यंत्रात गेलेलं. पण मुरड अशी पडायची की तेलात एकही करंजी तोंड उघडायची नाही. बदामी व्हायच्या आधीच ते करंज्या उपसून काढायचे, गार करायचे आणि ताटात एकमेकींना लागणार नाहीत अशा मांडून बर्फाच्या खणात ठेवायचे. "आधी एकेकट्या गारठू द्यायच्या," ते सईला सांगत, "मंग एकत्र घातल्या तरी चिकटत न्हाईत."

सई त्या करंज्या खायला लागली. ती शाळेतून आली की मामा खणातून काढून, मध्ये कुठे न ठेवता, थेट मध्यम आचेच्या तेलात सोडायचे. दोघं ओट्याजवळच उभी राहून खायची. संध्याकाळी माझ्यासाठीही ताटलीत झाकून ठेवलेल्या असत. मला चव लागायची नाही, तरी मी खायची. खाल्लं की मामा ताटली उचलून घेऊन जायचे, बघायचे आणि धुवायला टाकायचे.

मग रविवार करंज्यांचा झाला. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं. मामा हातातलं घड्याळ काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचे आणि पाऱ्या लाटायला बसायचे. मी सारण भरायची, सई कडांना पाण्याचं बोट फिरवायची, मुरड पुन्हा मामांची. त्या कामात बोलावं लागत नसे, हेच बरं होतं. बालाजीचं नाव तर आमच्यापैकी कुणीच घेत नव्हतं. ठरवून नव्हे, पण घेतलं जात नव्हतं. एका रविवारी सईने विचारलं, बाबांना या करंज्या आवडल्या असत्या का. माझा हात थांबला. मामांचं लाटणं थांबलं नाही. "त्याला गोड लई आवडायचं," ते म्हणाले, "पुरणाची केली असती त खाल्ली असती बालाजीनं." कित्येक महिन्यांनी त्या घरात ते नाव उच्चारलं गेलं होतं. पुढच्या रविवारी त्यांनी थोड्या पुरणाच्याही केल्या. कुणासाठी ते सांगितलं नाही. सईने खाल्ल्या, मीही खाल्ल्या.

गावाकडचा एक भाऊबंद कोर्टाच्या कामासाठी नांदेडला आला होता, तो नेमका रविवारी घरी आला. पंचायतीत ज्यांच्या शब्दाला मान होता ते मामा मांडी घालून पाऱ्या लाटताहेत आणि टोपीवर पीठ उडालेलं आहे, हे पाहून तो हसला. गावात सांगू का, असंही गमतीने म्हणाला. मामांनी त्याच्यापुढे ताटली सरकवली. "खाय आधी," ते म्हणाले, "मंग हास." त्याने खाल्ली, दुसरी घेतली आणि जाताना डब्यात बांधून मागितल्या. मामांनी दिल्या. गावात जे सांगायचं ते त्याने सांगितलंच. मामांना त्याचं काही वाटलं नाही. निदान तसं दिसलं तरी नाही.

अशी काही वर्षं गेली. सई पाचवीत गेली. आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेत काम करणारे माधव म्हणून एक गृहस्थ आहेत. त्यांची बायको आजारपणात गेली होती, मूल नव्हतं. ते पुस्तकं परत करायला यायचे, दोन शब्द बोलायचे. एकदा त्यांनी मला लग्नाबद्दल सरळ विचारलं. मी विचार करून सांगते म्हटलं आणि विचार केलाच नाही. होकार काय, नकार काय, दोन्ही मला सारखेच लांबचे वाटत होते. घरी मी कुणालाच काही बोलले नाही. पण सईच्या आजारपणात माधव औषधं घेऊन एकदा दारापर्यंत आले होते, आणि मामांनी त्यांना आत बोलावून करंज्या तळून दिल्या होत्या. तेवढ्यावरून मामांना समजलं.

पुढच्या रविवारी सई खाली खेळायला गेलेली असताना त्यांनी विषय काढला. मान खालीच होती, हातात पारी होती.

"तो माणूस चांगला हाय का, माय?"

मी म्हटलं, चांगले आहेत.

"मंग करून टाक. म्या आज हाय, उद्या न्हाई. माझ्याकडं बघत बसू नको."

मी म्हटलं, मला काही वाटतच नाही मामा, ना आनंद, ना दुःख. असं असताना दुसऱ्याच्या घरात कशी जाऊ.

त्यांनी पारी खाली ठेवली. "मला बी काही वाटत न्हाई, माय," ते म्हणाले. "त्या दिवसापासून. पण पोटाला लागतंच की. आपण करत राहिलो न्हाई का. तसंच करायचं."

बालाजी गेल्यानंतर त्यांनी स्वतःबद्दल सांगितलेलं तेवढं एकच. इतके दिवस मी समजत होते की या घरात तशी मी एकटीच आहे.

मंगलताईंना ते पटलं नाही. त्या गावाहून आल्या, रडल्या, भावाची आठवण काढली. शेवटी म्हणाल्या, तिला करायचं तर करू दे, पण पोरगी आपल्या घरची आहे, ती गावी आपल्याकडे राहील. मी मामांकडे पाहिलं. बालाजीचं म्हणून जगात जे काही उरलं होतं ते सईच होती. मामा म्हणाले, "पोरगी मायीपाशी राहील. ह्याच्यावर आता बोलणं न्हाई." आणि खरंच कुणी बोललं नाही. ताई पुढच्या गाडीने परत गेल्या. लग्नाला त्या आल्या नाहीत. माझे वडील तेव्हा हयात नव्हते, माहेरच्या बाजूने मामाच उभे राहिले. माधवांच्या घरच्यांनी हे कोण म्हणून विचारलं, तर त्यांनी सांगितलं, "हिचा बाप."

आमच्याबरोबर राहा म्हणून मी विनवलं, माधवांनीही मनापासून म्हटलं. मामांनी ऐकलं नाही. माळ्यावरची पिशवी त्यांनी स्वतः काढली, धूळ झटकली. बसस्टँडवर सई त्यांच्या सदऱ्याला धरून होती. मी विचारलं, आता मी तुम्हाला काय म्हणायचं. ते म्हणाले, मामाच म्हण, मी काय दुसरा झालो का. गाडी सुटली तेव्हाही मी कोरडीच होते. सईला घरी आणलं, तिला जेवू घातलं, दुसऱ्या दिवशीची तयारी केली.

पुढे दर हिवाळ्यात ते शेंगांचं पोतं घेऊन यायचे, दोन दिवस राहायचे, खण भरून जायचे. माधवांनाही त्यांनी लाटायला बसवलं. मधल्या काळात फोन असायचा. फोनवर त्यांचं बोलणं फार तर सईच्या अभ्यासापर्यंत. सई दहावीनंतर लातूरला शिकायला गेली, तेव्हा तिच्या खोलीत फ्रीज आहे का, एवढं त्यांनी मला दोनदा विचारलं. आहे म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

गेल्या हिवाळ्यात ते आले नाहीत. थंडी आहे, खोकला आहे, बरं वाटलं की येतो, असं फोनवर म्हणाले. मी येऊ का विचारलं, तर कशाला, म्हणाले. आवाज बारीक झाला होता. मग एका सकाळी पुतण्याचा फोन आला की मामा गेले.

आम्ही तिघंही गेलो. बायकांनी मंगलताईंना धरलं होतं. मी जाऊन मामांच्या पायांशी बसले. कुणीतरी म्हणालं, रड की गं बाई. सई रडली, माधवांचेही डोळे भरले. माझं तेच, दात ओढलेला कळत होता.

तेराव्यानंतर मी एक दिवस मागे राहिले. अंगणात तुरीच्या शेंगांचं पोतं तसंच पडलेलं होतं. मामांनी नांदेडला न्यायला म्हणून ते तोडून ठेवायला लावलं होतं. शेंगा सुकायला लागल्या होत्या. मंगलताई ते पोतं ओढत माझ्याजवळ आल्या. लग्नापासून आमचं धड बोलणं नव्हतं. मामांना त्या दादा म्हणायच्या. म्हणाल्या, दादा करायचे तसं दाखव मला. मी पीठ मळलं. त्यांनी शेंगा सोलल्या, दाणे परतले. सारण गार होईपर्यंत आम्ही दोघी चुलीजवळ बसून राहिलो. मग मी पाऱ्या लाटू लागले, त्या भरू लागल्या.

भरता भरता ताई बोलल्या. शेवटचा महिना मामा अंथरुणालाच होते. उठून बसता येत नव्हतं. तुला बोलावते म्हणून ताईंनी चारदा फोन हातात घेतला आणि चारही वेळा मामांनी तो खाली ठेवायला लावला.

"मी म्हटलं, दादा, तिला बोलावू द्या, ती मला बोल लावील," ताई म्हणाल्या. "तर म्हणले, न्हाई. तिनं एकदा बघितलंय हे. पुन्हा दाखवू न्हाई."

मी ऐकलं. हातातली पारी लाटून झाली होती. ती ताईंपुढे ठेवायची, तर ठेवता येईना. पारीवर पाणी पडत होतं, पीठ सैल होत होतं, आणि ते पाणी कुठून येतंय हे कळायला मला वेळ लागला. ताईंनी ती पारी माझ्या हातातून सोडवून घेतली, परत पिठाच्या गोळ्यात मिसळली, आणि लाटणं आपल्याकडे ओढून घेतलं.